हलकी की जड

बाबल, तुझ्या बाराव्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं आणि वडे होते. वडे फुगले नव्हते. तू असतास तर पहिलाच वडा उलटासुलटा करून बघितला असतास, "ह्यो वडो की पापड?" असं अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं असतंस आणि आतून वहिनींनी तुझा उद्धार केला असता. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. सगळे खाली मान घालून जेवले. तुझ्या घरात एवढं शांत जेवण मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दरवाजामागचे ते दोन पाइप तेवढे घेऊन जा. येता-जाता नजर पडते." मग मी ते चादरीत गुंडाळून रिक्षात घातले. चारकोपच्या तुझ्या सेक्टरातून माझ्या सेक्टरात यायला लागतो किती वेळ! तेवढ्यातसुद्धा रिक्षावाल्याने विचारलंच, "काका, क्रिकेटचं सामान काय?" मी हो म्हटलं. काय सांगणार त्याला? की या वयात दोन म्हाताऱ्यांनी लाकडी दस्ते लावून पाण्याच्या पाइपच्या खोट्या रायफली केल्यात, एक हलकी, एक जड, आणि कॅनडातलं मूस नावाचं जनावर मारायला यातली कुठली बरी यावर तीन वर्षं भांडलेत?

दोन्ही आता माझ्या कॉटशेजारी भिंतीला टेकून उभ्या आहेत. वाद अर्धवट टाकून गेलास तू. आजवर तू माझ्याशी एकही वाद पुरा केला नाहीस हे खरं, पण निदान दुसऱ्या रविवारी चहाला यायचास तरी.

आपली ओळखच मुळी ओझ्यावरून झाली, आठवतं? साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तू बेअरिंगची सॅम्पलं घेऊन आलास. खांद्यावरची ती काळी बॅग टेबलावर ठेवलीस तेव्हा टेबलच हललं. मी लेथवरून मान वर न करता म्हटलं, "अख्खं दुकानच घेऊन फिरता का राव?" तू म्हणालास, "दुकान नाय हो मिस्त्री, पोट." मग मी मान वर केली. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला होता. तेव्हापासून तुझ्यासाठी मी मिस्त्रीच राहिलो. साठी झाली, कारखाना बंद पडला, लेथ भंगारात गेली, तरी तू बिल्डिंगखालून हाक मारायचास, "ओ मिस्त्री!" आणि वरच्या मजल्यावरचा खराखुरा सुतार खिडकीतून डोकवायचा.

आणि या शिकारीचं खूळ. ते तुझं नव्हतंच, निखिलचं होतं. तुझ्या पोराचं आणि तुझं कधी पटलं नाही, हे मी काय नव्याने सांगू. त्याला हॉटेलचं शिकायचं होतं, तू नाही म्हणालास. कॅनडाला जायचं होतं, नाही म्हणालास, तरी तो गेला. तिकडच्याच पोरीशी लग्न करायचं होतं, तेव्हा तर तू फोनच ठेवून दिलास आणि पुढची दोन वर्षं उचलला नाहीस. वहिनी बाथरूममध्ये नळ सोडून त्याच्याशी बोलायच्या, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तुला ऐकू जायचं. तूच मला सांगितलं होतंस.

मग एका रविवारी तू माझ्याकडे आलास तो चप्पल न काढताच आत. "मिस्त्री, निखिलचा फोन आला. मी उचलला." म्हटलं, मग? म्हणालास, "तो तिकडे शिकारीला जातो. परवाना काढून, कायद्याने. म्हणाला, बाबा, एकदा माझ्याबरोबर याल?"  मी विचारलं, आणि तू? "मी हो म्हटलं," तू म्हणालास. "श्वास घ्यायच्या आत हो म्हटलं रे. जन्मात पहिल्यांदा." तुझे डोळे भरले होते. मी मुद्दाम पंख्याकडे बघत बसलो.

आता प्रश्न उरला बंदुकीचा. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच, पण त्यामुळे आपल्या दोघांचं या विषयातलं ज्ञान म्हणजे आनंदीआनंद होता. दोघांनी मिळून आयुष्यात दिवाळीच्या टिकल्या तेवढ्या फोडलेल्या. निखिलने सांगितलं की बंदूक तो घेऊन ठेवेल, पण निवडायची बाबांनी. झालं! तुझा मोबाइल, माझा चष्मा, आणि दर रविवारी ते व्हिडिओ. कॅनडातला कोणीतरी दाढीवाला बर्फात उभा राहून बोलायचा, आपल्याला अर्धं कळायचं, आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण भांडायचो. तू त्या दाढीवाल्याला "मामा" म्हणायचास. "मामा काय म्हणतो बघ."

मूस म्हणजे हरणाच्याच जातीतला, पण उभा राहिला तर आपल्या छोट्या टेम्पोएवढा. असल्या धुडाला मारायला जायचं तर बंदूक दणकट नको? माझं म्हणणं साधं होतं. गोळी तीच, दारू तीच, तर मागे बसणारा धक्का तोच. बंदूक हलकी असली की तो सगळा तुझ्या खांद्यावर येणार. जड बंदूक तो धक्का पोटात घेते. शिवाय डोंगर चढून धाप लागलेली, हात थरथरतायत, अशा वेळी हलकी नळी वाऱ्यावरच्या फांदीगत हलणार. जड असली की आपल्याच वजनाने स्थिर होते. मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलोय. हलकं मशीन नाचतं, जड मशीन काम करतं, यात चर्चा कसली?

तू म्हणायचास, "मिस्त्री, बंदूक माका हलकीच होयी." मी म्हणायचो, का? तू म्हणायचास, "तू जल्मभर एका जाग्यार उभो रवलंस. खांदो माझो दुखलो." आणि मग गोवंडी, मुलुंड, साकीनाका, सगळ्या गल्ल्या त्या बॅगेसकट मला पुन्हा फिरवून आणायचास. मामाने सांगितलंय, दिवसभर डोंगर चढायचा असतो, गोळी उडवायची ती एखादी, तीसुद्धा नशिबात असेल तर. मग ज्याचा उपयोग क्षणभर, त्याचं ओझं दिवसभर का? मुद्दा तसा चुकीचा नव्हता. पण तुझा मुद्दा मान्य करणं माझ्या स्वभावात नाही.

म्हणून तर त्या दोन खोट्या रायफली केल्या. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या ओळखीच्या गाळ्यात बसून पाइप कापले, दस्ते तासले, एकीच्या पोटात शिसं भरलं. काट्यावर वजन करून दोन्ही अगदी खऱ्यासारख्या जमवल्या. काय सुंदर दिवस होते रे ते! त्या गाळ्यातली लेथ चालवली, तशी नंतर मी कधी चालवलीच नाही. तू स्टुलावर बसून शेंगा सोलत होतास आणि मला सूचना देत होतास, जसा काही तू कारखान्याचा मालक.

मग तुमच्या बिल्डिंगचा जिना. लिफ्ट सोडून तू हलकी खांद्याला लावून गच्चीपर्यंत गेलास आणि वरून मला टाटा केलास. जड घेऊन निघालास तो चौथ्या मजल्यावर बसलास. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरत होते. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं. "हे काय आहे?" तू धापा टाकत म्हणालास, "नळाचा पाइप." ते म्हणाले, "दस्ता लावलेला?" तू म्हणालास, "धरायला सोपं जातं." दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लागली, जिन्यात प्लंबिंगचं सामान नेताना आधी कळवावं. आपण किती हसलो होतो त्या सूचनेवर. वहिनी मात्र आठवडाभर खाली भाजी आणायला गेल्या नाहीत, लाजेने.

मला वाटलं होतं, चौथ्या मजल्यावर माझी वाट लागली. पण मीही काही कमी नाही. फुटपाथवरून लाल ठिपक्याचा तो खेळण्यातला लेसर आणला आणि दोन्ही नळ्यांना आळीपाळीने बांधला. तुला म्हटलं, आता जिना चढून ये आणि त्या कॅलेंडरवर नेम धर. हलकी घेतलीस तर ठिपका सोमवारवरून गुरुवारवर, गुरुवारवरून संकष्टीवर, नुसता नाचत होता. जड घेतलीस, आणि ठिपका एका तारखेवर जाऊन बसला. मी विजयी वीरासारखा उभा राहिलो. "बघ! आणि बाबल, इथे नुसतं कॅलेंडर आहे. तिथे जीव असणार. नेम हलला तर जनावर मरत नाही, पोटात गोळी घेऊन डोंगरात तडफडत फिरतं. ते पाप कोणाच्या डोक्यावर?"

तू हसला नाहीस. खुर्चीवर बसलास, नळी मांडीवर आडवी घेतलीस. "बरोबर आहे तुझं," म्हणालास. मी हबकलोच. एवढ्या वर्षांत तू माझ्यासमोर हे तीन शब्द उच्चारले नव्हतेस. मग म्हणालास, "पण मला हलकीच हवी."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. जो माणूस ऐकत नाही त्याच्याशी भांडता येतं. जो सगळं ऐकतो, सगळं मान्य करतो आणि तरी आपलंच खरं करतो, त्याचं काय करायचं? "अरे, कारण तरी दे!" मी ओरडलो. तेव्हा तू ते कौलाचं काढलंस. मागच्या जत्रेला गावी गेला होतास तेव्हा देवाला कौल लावला म्हणे. गुरवाने गाऱ्हाणं कसं घातलं ते उभं राहून, हात जोडून, डोळे मिटून करून दाखवलंस. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू सातासमुद्रापलीकडे जाता हा, तेका हलकी बंदूक मानवता तर उजवो कौल दी म्हाराजा!" आणि आतून वहिनींनीही पोळी लाटता लाटता "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. देवाने उजवा कौल दिला, म्हणजे होकार, विषय संपला. मी म्हटलं, "देवाला धक्क्याचं गणित कळतं का?" तू म्हणालास, "मेल्या, देवाक कळणा नाय आणि तुका कळता?"

मग व्हिसाचे कागद झाले, मध्ये वहिनींचा गुडघा झाला, त्यात एक मोसम गेला, आणखी एक गेला. या वर्षी पानगळीत नक्की जायचं ठरलं. माझंही तिकीट काढायला लावलंस. "तू नसशील तर तिकडे भांडू कोणाशी?" आणि मग त्या दुपारी जेवून आडवा झालास तो झालासच. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मला राग आहे अजून.

बाराव्याला तुझा धाकटा भाऊ दत्ता गावाहून आला होता. जेवणं आटपल्यावर आम्ही दोघे गॅलरीत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या देवाने हलकी बंदूक सांगितली खरी, पण मीच बरोबर होतो हां." दत्ता म्हणाला, "हलकी-जड? असा कोण इचारता देवाक?"

मग त्याने सांगितलं. तुझ्या आजोबांनी एका पारधीत सांबर मारलं. कापलं तर पोटात पाडस निघालं. आजोबांनी ती बंदूक तशीच देवळात नेऊन देवासमोर ठेवली आणि शब्द दिला, यापुढे आमच्या घरातला कोणी जनावरावर बार काढणार नाही. तो शब्द तुमच्या घराण्यावर आहे. तो सुटतो का, हे विचारायला तू गेला होतास. "दादान दोन कौल मागल्यान," दत्ता म्हणाला. "पोराबरोबर जाऊ काय? देवान उजवो दिल्यान. मगे इचारल्यान, बार काढू काय? डावो." पुन्हा लावून बघायचा का, असं गुरवानेच विचारलं, तर तू म्हणालास, नको, कळलं मला.

बाबल, मी तिथे गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आउट झालं म्हणून बोंबाबोंब चालली होती. आणि मला ते कॅलेंडर दिसायला लागलं, तो नाचणारा ठिपका, आणि तू खुर्चीत बसून म्हणतोयस, बरोबर आहे तुझं.

तुला उडवायचीच नव्हती रे ती! मी तुला धक्क्याचं सांगतोय, नेमाचं सांगतोय, दारूचं सांगतोय, आणि तुला बंदूक फक्त वाहायची होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या डोंगरात पोराच्या मागे मागे चालायचं होतं. खांद्यावर काहीतरी असायला हवं, नाहीतर पोराला कळलं असतं. वाहायचीच असेल तर कुठला शहाणा माणूस जड घेईल? तुझं एकदम बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

मग मला का सांगितलं नाहीस, असं मनात आलं आणि खूप वाईट वाटलं. एवढी वर्षं चहा प्यायलो तुझ्याबरोबर, आणि ही एवढीशी गोष्ट पोटात ठेवलीस? पण तो राग सकाळचा चहा होईपर्यंतच टिकला. मला सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, हे तुला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं असतं, "मग बंदूक कशाला? काठी घे." आणि लगेच फोन उचलून निखिलला सांगून मोकळा झालो असतो, कारण माझ्या पोटात तीळ भिजत नाही. शिवाय त्यानंतरचे सगळे रविवार आपण करणार काय होतो? गुडघ्यांबद्दल बोललो असतो. साखरेबद्दल बोललो असतो. आपल्या वयाची बाकीची माणसं बागेत बसून जे बोलतात ते. त्यापेक्षा तू मला तीन वर्षं बंदूक दिलीस. माझा कारखाना गेला होता, हातांना काम नव्हतं, आणि तू मला दस्ते तासायला बसवलंस. मला हे तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी आभार मानले नसते, शिवी दिली असती. आज मानतो. घे.

काल निखिलचा फोन आला. तुझ्या कार्याला त्याला राहता आलं ते चारच दिवस, आणि त्या चार दिवसांत पोरगा माझ्याशी धड बोलला नाही, नुसता तुझे शर्ट घड्या घालत बसला होता. काल बोलला. म्हणाला, "काका, मोसम जवळ आला. बंदूक घ्यायचीय. बाबांनी शेवटी कुठली ठरवली होती?"

"हलकी," मी म्हटलं.

"पण तुम्ही तर जड म्हणायचात ना? बाबा सांगायचे, मिस्त्री काही ऐकत नाही. आणि खरं सांगू का, काका, मूससाठी तुमचंच बरोबर होतं. मी फक्त बाबांना बोललो नाही."

बघ! तीन वर्षं वाट बघितली हे ऐकायला. तुझ्याच पोराच्या तोंडून, तेही तिकडच्या डोंगरात जाऊन आलेल्या माणसाच्या. आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. आजोबांचं सांबर, देवळातली बंदूक, दोन्ही कौल.    मग तो म्हणाला, "म्हणजे बाबा मारणारच नव्हते?"

"नाही."

"नुसतेच येणार होते?"

"तुझ्याबरोबर चालायला."

"मग सांगायचं ना, काका! मी काय जबरदस्ती केली असती? आम्ही नुसतं फिरून आलो असतो." आवाज फुटला त्याचा. तुझाही असाच फुटायचा, घोगरा, शेवटच्या शब्दावर. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"अरे," मी म्हटलं, "तुला परत एकदा नाही म्हणायचं नव्हतं त्याला."

बाबल, तुझा पोरगा रडला. भरपूर रडला, आणि मीही त्याला थांबवलं नाही, कारण मला स्वतःलाच थांबता येत नव्हतं. त्याची बायको मागे काहीतरी विचारत होती, ती घाबरली असावी. मग त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "काका, तुमचं तिकीट आहे ना अजून? तुम्ही या. बाबांना जसं जायचं होतं तसं जाऊ. बंदूक हलकीच घेतो. गोळ्या घरी ठेवू."

मी हो म्हटलंय. माझ्या गुडघ्यांना अजून कोणी विचारलेलं नाही, पण ते काय म्हणतील ते म्हणोत. वहिनी गरम बनियान आणायला बोरिवलीला जायचं म्हणतायत, त्या परवा पहिल्यांदा घराबाहेर पडणार आहेत.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच. त्याने विचारलं कुठली, आणि मी हलकी म्हटलं. मी, मिस्त्रीने, स्वतःच्या तोंडाने. हा वाद मी हरलो, बाबल, पूर्ण हरलो, आणि हे कबूल करायला मी इतका वेळ लावला की ऐकायला तू उरलाच नाहीस.